विमा कंपनीत लागला, म्हणजे नेमका कुठे लागला?

'आमचा मुलगा विमा कंपनीत लागला,' असे लग्नाच्या बैठकीत कोणी सांगितले, की बसलेल्या मंडळींच्या मनात दोन निरनिराळी चित्रे उभी राहतात. वडीलधाऱ्यांना आठवतो तो एलआयसीचा साहेब. कायमची नोकरी, घरासाठी कमी व्याजाचे कर्ज, निवृत्तीनंतरची सोय. तरुण मंडळींना आठवतो तो मोटारसायकलला बॅग अडकवून फिरणारा, आणि ज्याचा फोन वाजला की नातेवाईक एकमेकांच्या तोंडाकडे बघतात असा कोणी तरी.

या दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, पण आपल्या बोलण्यात दोघेही 'विमा कंपनीत'च असतात. एकाला पगार मिळतो, दुसऱ्याला कमिशन. तिसराही एक असतो. तो कंपनीचा नोकर नसतो आणि एजंटही नसतो; त्याच्याकडे परवाना असतो आणि तो कामाप्रमाणे फी घेतो. मुलाने किंवा मुलीने विम्यात जावे की नाही हा विषय घरात निघाला, तर आधी यांपैकी कोणत्या दाराने जायचे आहे ते विचारावे. नाही तर होते काय, की बी.कॉम. झालेला मुलगा ऑफिसरची नेमणूक समजून इस्त्रीचा शर्ट घालून जातो आणि पहिल्याच दिवशी त्याला मामा, काका, आत्या, शेजारी अशा वीस जणांची नावे फोन नंबरसह लिहून द्यायला सांगतात.

जुन्या पिढीला विम्याच्या नोकरीबद्दल जो आदर आहे, तो उगाच नाही. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम काढून सरकारने आयुर्विम्याचा व्यवसाय ताब्यात घेतला, तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले, हे सीमाभागातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ सुरू झाले आणि देशी, परदेशी कंपन्या व प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून २४५ संस्था त्यात विलीन झाल्या. साताऱ्याची वेस्टर्न इंडिया लाइफ ही त्यांतलीच एक. पुढे १९७३ पासून आग, मोटार, माल यांचा सर्वसाधारण विमाही सरकारी झाला. आपल्याकडच्या कितीतरी घरांतले पहिले पगारपत्रक या कचेऱ्यांतून आले. मॅट्रिक होऊन कारकून म्हणून चिकटलेला माणूस साहेब होऊन निवृत्त झाला, असे ते दिवस होते.

ते दिवस संपले, पण विम्याचा धंदा मात्र वाढतोच आहे. १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण आले, २००० पासून खासगी कंपन्या आल्या. परकीय भांडवलाची मर्यादा आधी २६ टक्के होती, ती २०१५ मध्ये ४९ झाली, २०२१ मध्ये ७४ झाली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ती १०० टक्क्यांवर नेणारे विधेयक संसदेने मंजूर केले. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीही काढून टाकण्यात आला. साहजिकच 'विमा क्षेत्रात नोकऱ्यांचा पाऊस' अशा थाटाचे मथळे वाचायला मिळतात. पाऊस पडतो हे खरे. कुठे पडतो ते पाहिले पाहिजे. नवीन भांडवल आले की पहिली भरती होते ती विक्रीच्या माणसांची, आणि वर्षभरात सर्वांत जास्त माणसे बाहेर पडतात तीही तिथूनच. म्हणजे जाहिरातींची संख्या मोठी दिसते, त्यामागे नवीन खुर्च्या किती आणि रिकाम्या झालेल्या खुर्च्या किती, हे जाहिरातीत लिहिलेले नसते.

दुसरीकडे काही कामे आटत चालली आहेत. पूर्वी हप्ता भरायच्या खिडकीपुढे रांग असे; आता हप्ता मोबाइलवरून जातो. पॉलिसीचा जाड कागद छापून पोस्टाने पाठवायला माणसे लागत. १ एप्रिल २०२४ पासून पॉलिसी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणे कंपन्यांना बंधनकारक झाले. त्यामुळे कारकुनी हा विम्याचा राजमार्ग राहिलेला नाही. आयुर्विमा महामंडळाने २०१९ मध्ये सुमारे आठ हजार सहायकांची मोठी भरती केली होती. तशीच भरती दरवर्षी होईल असे धरून मुलांना तीन-तीन वर्षे क्लासला बसवणारे पालक मला भेटतात, तेव्हा काळजी वाटते.

तरीही सरकारी विमा कंपन्यांची भरती पूर्ण थांबलेली नाही, आणि आपल्या मुलांनी तिच्याकडे पाठ फिरवावी असेही नाही. न्यू इंडिया ॲश्युरन्सने २०२५ मध्ये प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या ५५० जागा काढल्या. त्या जाहिरातीतली वाटणी वाचण्यासारखी आहे. कोणत्याही शाखेच्या पदवीधरांना खुल्या अशा सर्वसाधारण जागा होत्या १९३. उरलेल्या सगळ्या विशिष्ट शिक्षण मागणाऱ्या. ऑटोमोबाइल इंजिनिअर ७५, बिझनेस ॲनालिस्ट ७५, जोखीम तपासणारे इंजिनिअर ५०, कायद्याचे पदवीधर ५०, आरोग्य विभागासाठी डॉक्टर ५०, शिवाय हिशेब, संगणक वगैरे. म्हणजे जवळजवळ दोनतृतीयांश जागा 'कोणतीही पदवी' वाल्यांसाठी नव्हत्याच. हीच मला आजच्या विमा-भरतीची खरी दिशा वाटते. आयुर्विमा महामंडळाने त्याच वर्षी सहायक प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या सर्वसाधारण जागा काढल्या त्या अख्ख्या देशासाठी ३५०. मूळ वेतन महिना ८८,६३५ रुपये. इतक्या पगाराला इतक्या थोड्या जागा, तेव्हा चढाओढ कशी असेल ते सांगायला नको.

आता सीमाभागातल्या घरांसाठी महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे अर्ज भरताना एक पेच येतो, तो पुण्याच्या किंवा म्हैसूरच्या मुलाला येत नाही. महामंडळाचा बेळगाव विभाग हैदराबादच्या दक्षिण-मध्य क्षेत्रात मोडतो. शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचा कोल्हापूर विभाग मुंबईच्या पश्चिम क्षेत्रात, आणि गोवाही तिकडेच. जानेवारी २०२३ मध्ये शिकाऊ विकास अधिकाऱ्यांच्या ९,३९४ जागा निघाल्या. त्यांत पश्चिम क्षेत्रात १,९४२ आणि दक्षिण-मध्य क्षेत्रात १,४०८ होत्या. अर्ज मात्र एकाच विभागासाठी करता येतो. घरात लगेच दोन पक्ष पडतात. आई म्हणते, 'बेळगाव भर की, घरचा डबा मिळेल.' मामा कोल्हापुरात असतात, ते म्हणतात, 'तिकडं जागा जास्त आहेत, इकडंच ये.' दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर असते, पण विकास अधिकाऱ्याचे काम नीट समजून घेतले तर निवड सोपी होते. हा अधिकारी पगारी असला तरी त्याचे काम एजंट शोधणे, शिकवणे आणि त्यांच्याकडून धंदा करून घेणे हे आहे. ज्या भागात त्याची ओळखपाळख आहे, जिथल्या सोसायटीचा सेक्रेटरी आणि शाळेचा हेडमास्तर त्याला नावाने ओळखतो, तिथे तो टिकतो. जागा पाचशे जास्त आहेत म्हणून अनोळखी मुलखात गेलेला विकास अधिकारी दोन वर्षांत बदलीच्या अर्जाला लागतो.

सहायक पदांचे गणित आणखी वेगळे. न्यू इंडियाने डिसेंबर २०२४ मध्ये ५०० सहायकांची जाहिरात काढली. त्यात उमेदवाराने एकाच राज्यासाठी अर्ज करायचा आणि त्या राज्याची भाषा त्याला लिहिता, वाचता, बोलता आली पाहिजे, अशी अट होती. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मग प्रादेशिक भाषेची चाचणी. या चाचणीचे गुण धरले जात नाहीत, पण तीत नापास झालेल्याची निवड होत नाही. कर्नाटकासाठी कन्नड, महाराष्ट्रासाठी मराठी.

इथे आपली मुले खरे तर सर्वांच्या पुढे असायला हवीत. ज्या घरात आजी कन्नडमध्ये गोष्ट सांगते आणि आजोबा मराठी पेपर वाचतात, त्या घरातल्या मुलाला दोन राज्यांची दारे उघडी आहेत. प्रत्यक्षात काय दिसते? मराठी माध्यमातून आलेला मुलगा बाजारात, बसमध्ये, क्रिकेटच्या मैदानावर सफाईने कन्नड बोलतो. पण त्याला कन्नडमध्ये दहा ओळींचा अर्ज लिहायला सांगा, पेन थांबते. जोडाक्षरांचे ओत्तक्षर खाली कुठे लावायचे इथे अडते. उलट कन्नड माध्यमातल्या मुलीला मराठी सिनेमा शब्दन् शब्द कळतो, पण ऱ्हस्व-दीर्घ सोडाच, 'ळ' आणि 'ल' सुद्धा लिहिताना गडबडतात. इंग्रजी माध्यमाची मुले तर दोन्ही भाषांत बोलघेवडी आणि दोन्हींत लिहिण्याची बोंब. तोंडात दोन भाषा आणि हातात एकही नाही, अशी ही अवस्था आहे. चाचणी हाताची असते.

मी मराठीचा अभिमान बाळगणारा माणूस आहे आणि त्यात मला कुणाची माफी मागावीशी वाटत नाही. पण कन्नड लिहायला शिकल्याने मराठी कमी होते, हे म्हणणे मला कधीच पटलेले नाही. कॉलेजच्या तीन वर्षांत रोज एक कन्नड बातमी पाटीवर नाही तर वहीत उतरवली तरी हात बसतो. विम्याच्या कागदांतले शब्द तर मौजेचे आहेत. आपला 'हप्ता' तिकडे 'कंतु' होतो, विमा 'विमे' होतो. नुकसानभरपाईला कन्नडमध्ये 'परिहार' म्हणतात; मराठीत आपण शंकेचा परिहार करतो, नुकसानीचा नव्हे. या एका शब्दावरून दाव्याचा कागद चुकीचा समजलेले लोक मी पाहिले आहेत. पगाराला मात्र पुस्तकी कन्नडमध्ये 'संबळ' असले तरी आपल्या भागातले कन्नड लोकही पगारच म्हणतात, तेवढी सोय आहे.

नोकरीनंतर एजन्सीकडे वळू. तिला कमी लेखायचे कारण नाही, फक्त तिला नोकरी म्हणू नये. दहावी पास आणि वयाची १८ वर्षे पूर्ण असली की विमा एजंटाची परीक्षा देता येते. आयसी-३८ हे तिचे नाव. अभ्यासाचे पुस्तक मराठीतही आहे आणि कन्नडमध्येही. आयुर्विमा महामंडळाचे देशभरात चौदा लाखांहून अधिक एजंट आहेत, म्हणजे चढाओढ किती आहे तेही ध्यानात घ्या. पहिल्या वर्षी नात्यातली, गल्लीतली नावे असतात. दुसऱ्या वर्षी ती संपतात. तिसऱ्या वर्षी जो परक्या माणसाच्या घरी जाऊन बसू शकतो आणि आधीच्या पॉलिसी बंद पडू देत नाही, तो एजंट म्हणून राहतो. त्याला मग दरवर्षी नूतनीकरणाचे कमिशन मिळते, ठरावीक वर्षे काम केलेले असले तर त्याच्या पश्चात वारसांनाही मिळते. सरकारने २०२३ मध्ये महामंडळाच्या एजंटांच्या ग्रॅच्युइटीची मर्यादा तीन लाखांवरून पाच लाखांवर नेली. विकास अधिकाऱ्यांच्या भरतीतही एजंटांसाठी वेगळा गट ठेवलेला असतो. तेव्हा ज्याच्याकडे शेती आहे, दुकान आहे, त्याला जोडधंदा म्हणून एजन्सी चांगली. ज्याच्या पगारावर पहिल्या तारखेला घरभाडे आणि बहिणीची फी अवलंबून आहे, त्याने पहिली दोन वर्षे फक्त कमिशनवर काढण्याचा विचार करू नये.

महिला वाचकांकडून 'विमा सखी' योजनेबद्दल पत्रे आली आहेत, त्यांना एकत्रच उत्तर देतो. ९ डिसेंबर २०२४ रोजी पानिपतला ही योजना सुरू झाली. वय १८ ते ७०, शिक्षण दहावी. महामंडळाची एजंट म्हणून नेमणूक होते आणि तीन वर्षे मानधन मिळते : पहिल्या वर्षी महिना ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,०००, तिसऱ्या वर्षी ५,०००. कमिशन वेगळे. सगळे महिने मिळाले तर तीन वर्षांचे मानधन होते २ लाख १६ हजार. आता अटी. पहिल्या वर्षात २४ जणांचे विमे उतरवायचे आणि किमान ४८,००० रुपये कमिशन मिळवायचे. भागाकार केला तर दर पॉलिसीमागे सरासरी दोन हजार रुपये कमिशन येते, म्हणजे अगदी लहान हप्त्याच्या पॉलिसी विकून भागणार नाही. दुसऱ्या वर्षीचे मानधन हवे असेल तर पहिल्या वर्षीच्या पॉलिसींपैकी किमान ६५ टक्के चालू राहिल्या पाहिजेत. २४ मधल्या १६ धरा. आणखी एक, जी गोष्ट पुष्कळ जणींना फॉर्म भरल्यावर कळते : घरात आधीच कोणी महामंडळाचा एजंट किंवा कर्मचारी असेल, नवरा, सासरे, दीर, वडील, भाऊ यांपैकी, तर त्या बाईला योजनेत घेत नाहीत. नवऱ्याचा धंदा बायकोच्या नावावर दाखवून मानधन उचलू नये म्हणून ही अट असणार. आणि मानधन मिळते म्हणून ही पगारी नोकरी ठरत नाही, हे योजनेच्या कागदातच लिहिले आहे.

माझे मत विचाराल तर स्वसाहाय्य गटात पाच-सहा वर्षे काम केलेली, हिशेबाला चोख आणि दारोदार जायला न लाजणारी बाई ही योजना पेलू शकते. हप्ता वेळेवर वसूल करणे म्हणजे काय ते तिला बँकवाल्यांपेक्षा जास्त कळते. पण सासूबाईंनी 'सरकारी सात हजार मिळतात म्हणे' असे ऐकून सुनेला ढकलले असेल, तर पहिल्या सहा महिन्यांतच माहेरच्या बारा घरी पॉलिसी जाते आणि पुढे ती सारी बंद पडते. त्यात पैसे कुणाचे बुडतात? माहेरचेच.

सध्या सर्वांत वेगाने माणसे लागतात ती आरोग्यविम्यात, आणि या वाटेची आपल्याकडे सर्वांत कमी चर्चा होते. सर्वसाधारण विम्यात आरोग्यविमा हा आता सर्वांत मोठा भाग झाला आहे. मे २०२४ मध्ये नियामक प्राधिकरणाने फर्मान काढले, की इस्पितळाकडून कॅशलेसची मागणी आली की तासाभरात निर्णय द्यायचा, आणि घरी सोडतेवेळी अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. रात्री दोन वाजता अपेंडिक्सचा पेशंट आला तरी घड्याळ तेच. याचा सरळ अर्थ, कंपन्यांना आणि त्यांच्यासाठी दावे तपासणाऱ्या टीपीए संस्थांना पाळीपाळीने चोवीस तास वैद्यकीय माणसे बसवावी लागतात. एमबीबीएस डॉक्टर या कामाला फारसे येत नाहीत. तिथे बसतात बीएएमएस आणि बीएचएमएस झालेले तरुण डॉक्टर, बीडीएसही. बेळगावात आयुर्वेद आणि होमिओपॅथीची महाविद्यालये आहेत, दरवर्षी तिथून मुले-मुली बाहेर पडतात. सगळ्यांनाच दवाखाना थाटायला भांडवल नसते. अशा कित्येकांना बंगळूर किंवा पुण्यातल्या दावे विभागात काम मिळाले आहे.

काम कसले? पेशंटचे कागद वाचायचे, दाखल करण्याची गरज होती का, उपचार पॉलिसीत बसतात का, आजार आधीचा आहे का, बिल रास्त आहे का, हे ठरवायचे. 'पाच वर्षं शिकून नाडी बघायची सोडून फायली बघत बसायचं?' असे वडील विचारतात. विचारणे चूक नाही. काम एकसुरी आहे, रात्रपाळी असते, आणि दावा नाकारल्यावर पलीकडून रडणारा माणूस फोनवर येतो, त्याची सवय व्हायला वेळ लागतो. पण दोन-तीन वर्षांनी यातूनच इस्पितळांशी करार करणारे, गैरप्रकार शोधणारे, मोठ्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांचे गटविमे सांभाळणारे अधिकारी तयार होतात. नुसते पदवीधर असलेल्यांनाही इस्पितळाच्या बाजूला जागा असते. प्रत्येक मोठ्या इस्पितळात आता विमा-डेस्क आहे. पेशंटच्या नातेवाइकाला मराठीत किंवा कन्नडमध्ये समजावून, इंग्रजीत ईमेल लिहून कंपनीकडून मंजुरी काढणारी व्यक्ती तिथे हवी असते. बेळगावच्या इस्पितळांत सांगली, सिंधुदुर्ग, गोव्यापासून पेशंट येतात, तेव्हा एकभाषी माणसाचे तिथे चालतच नाही. जनआरोग्य योजनांतले आरोग्यमित्र हेही याच जातीचे काम. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये आपली महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी जाहीर केली आणि त्यावरून दोन्हीकडे बरेच रणकंदन झाले; त्या राजकारणात मी इथे शिरत नाही.

परवानावाल्यांचे बोलू. मोटार, कारखाना, गोदाम यांचे नुकसान ठरावीक रकमेपेक्षा मोठे असले, की कंपनी स्वतःच्या मनाने रक्कम ठरवू शकत नाही; परवानाधारक सर्व्हेअरने पाहणी करून अहवाल द्यावा लागतो. अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका असलेल्याला, तसेच सीए वगैरेंना, जुन्या सर्व्हेअरच्या हाताखाली उमेदवारी करून, परीक्षा देऊन हा परवाना मिळतो. त्यांची संस्था हैदराबादला आहे, परवाना नियामक प्राधिकरण देते. मोटार, आग, इंजिनिअरिंग, सागरी माल असे विभाग असतात. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत चार वर्षे काढलेल्या मुलाला भट्टीचे अस्तर किती दिवसांत जाते आणि आगीत खरे काय जळाले, हे कागदावरच्या इंजिनिअरपेक्षा जास्त कळते. हायवेवर रोज अपघात होतात, त्या गाड्या गॅरेजमध्ये बघायला कोणी तरी लागतेच. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदम चढल्या. गोकाक, चिक्कोडी, रामदुर्ग, तिकडे कोल्हापूर, सांगली. अशा वेळी एका आठवड्यात वर्षभराचे दावे येऊन पडतात. या धंद्यात पहिली तीन-चार वर्षे कमाई बेताची असते, कारण कंपनी ओळखीच्या सर्व्हेअरला काम देते. शिवाय मोह फार. गॅरेजवाला, मालक, एजंट सगळे अहवाल 'जरा वाढवून' मागतात.

पीकविम्याचे काम हंगामी आहे, पण बी.एस्सी. ॲग्री झालेल्यांनी माहीत करून घ्यावे. २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीकविमा योजना आहे. खरिपाला शेतकऱ्याचा वाटा विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड, बागायती व नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत. गारपीट, पाणी साचणे अशा नुकसानीची खबर ७२ तासांत द्यायची असते, मग कंपनीचा माणूस शेतात येतो. त्यासाठी कंपन्या तालुका पातळीवर कंत्राटी माणसे घेतात. या माणसाला कर्नाटकाचा आरटीसी उतारा वाचता आला पाहिजे. सीमेपलीकडे गेला तर सातबारा. महाराष्ट्रात २०२३ मध्ये आलेली एक रुपयातली पीकविमा योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. धोरण असे बदलले की त्यावर उभी असलेली कंत्राटी कामेही हलतात. म्हणून अनुभव म्हणून करावे, आयुष्य त्यावर बांधू नये.

गणिताच्या मुलांसाठी एक वाट आहे, तिचे नाव ॲक्चुअरी. विमागणिती म्हणू या. माणसे कोणत्या वयात किती मरतात, आजारी किती पडतात, त्यावरून हप्ता किती ठेवावा आणि राखीव निधी किती लागेल, हे तो काढतो. त्याच्या सहीवाचून विमा कंपनी चालत नाही. संसदेने यासाठी २००६ मध्ये वेगळा कायदा केला आणि इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ही संस्था त्याखाली परीक्षा घेते. बारावीनंतर प्रवेशपरीक्षा देता येते. पुढचे पेपर एकामागून एक, नोकरी करत करत, सात-आठ वर्षे सहज जातात. देशात पूर्ण परीक्षा पार केलेले फेलो काही शेकड्यांतच आहेत. चार-पाच पेपर सुटले तरी बंगळूर, पुणे, मुंबईत चांगल्या पगाराची कामे मिळू लागतात, कारण परदेशी विमा कंपन्यांची मोठी कार्यालये तिथे आहेत. आपल्याकडे बारावीला गणितात नव्वदीच्या वर गुण मिळवणारी मुलगी सरसकट इंजिनिअरिंगला किंवा बी.एड.ला जाते. तिच्या कानावर हे नाव एकदा तरी पडावे.

फसवणुकीबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. 'विमा कंपनीत नेमणूक पक्की, ट्रेनिंगचे सात हजार भरा,' असा फोन आला तर ठेवून द्यावा. सरकारी कंपनी परीक्षेची फी फक्त आपल्या अधिकृत संकेतस्थळावर घेते, आणि खरी खासगी कंपनी नोकरी देण्यासाठी पैसे मागत नाही. 'प्राधिकरणाकडून बोलतोय, तुमच्या जुन्या पॉलिसीचा बोनस अडकलाय,' असे सांगणारी मुलेही कुणाच्या तरी 'जॉब'वरच असतात. नियामक प्राधिकरण पॉलिसी विकत नाही आणि बोनसही वाटत नाही. अशा फोन-कंपनीत आपला मुलगा महिना बारा हजारांवर बसलेला आहे हे काही पालकांना पोलीस आल्यावर कळले. तेव्हा मुलाने ऑफर लेटर आणले तर चष्मा लावून वाचा. 'कर्मचारी' असे लिहिले आहे की 'सल्लागार'? ठरलेला पगार किती आणि टार्गेट झाले तरच मिळणारी रक्कम किती? भविष्यनिर्वाह निधी कापला जाणार आहे का? बँकेच्या शाखेत टेबल मिळाले म्हणजे बँकेत लागला असे नाही. पुष्कळदा तो विमा कंपनीचा विक्रेता असतो आणि बँकेच्या मॅनेजरचेही टार्गेट त्याच्याच डोक्यावर असते.

सर्व्हेअरच्या उमेदवारीसाठी कोणती पदविका चालते, आणि नोकरी करतानाच मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची लायसेन्शिएट परीक्षा कशी द्यायची, असे हुक्केरी आणि खानापूरच्या वाचकांनी विचारले आहे. लायसेन्शिएटला बारावी पास पुरते, खासगी कंपन्यांत अंडररायटिंगच्या मुलाखतीला तिचा उपयोग होतो, आणि तिचे पेपर कुठल्या क्रमाने द्यावेत ते पुढच्या लेखात सविस्तर सांगतो. सर्व्हेअरच्या परवान्याचे नियमही त्यातच घेऊ.